कारखान्यात नव्याने रुजू झालेल्याने आपली सूचना कशी मांडावी

दर वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींत पदविका आणि पदवी घेतलेल्या ट्रेनींची नवी तुकडी दाखल होते. त्यांतल्या ज्याचे डोळे उघडे असतात, त्याला पहिल्या आठवड्यातच तीन-चार गोष्टी खटकू लागतात. ऑपरेटर उगाच वाकतो आहे, गेज (माप तपासण्याचे साधन) मशीनपासून लांब ठेवले आहे, डाव्या आणि उजव्या बाजूचे दिसायला सारखे भाग एकाच ट्रॉलीत पडले आहेत. पुढे बहुतेक वेळा दोहोंपैकी एक घडते. एक तर तो 'आपण कालचे पोर, आपले कोण ऐकणार' म्हणून गप्प राहतो, किंवा भर बैठकीत बोलून मोकळा होतो आणि त्यानंतर वर्षभर त्याला कुणी काही विचारत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत वीसेक वर्षे शिफ्ट सांभाळल्यावर मला या दोन्हींच्या मधली वाट दाखवता येईल असे वाटते, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीन चालतात त्या जागी, जे जसे आहे, ते कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने तसे ठेवलेले असते. त्यामुळे तुमची प्रत्येक सूचना हा कुणाच्या तरी जुन्या निर्णयावरचा शेरा असतो, आणि तो माणूस बहुधा तुमच्यापासून दहा पावलांवर उभा असतो.

हे मला कळायला आठ महिने लागले. मी ट्रेनी असताना आमच्या सेलमध्ये (मशीनच्या एका गटात) एक फिक्स्चर (भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट) चार ॲलन बोल्टांनी बसवले जाई आणि ते बदलायला वीस मिनिटे जात. मी सकाळच्या बैठकीत, प्लांट हेड समोर असताना, "चार बोल्ट कशाला, एक क्लँप लावला तर पाच मिनिटांत होईल, डिझाइनच चुकलंय" असे बोलून गेलो. ते डिझाइन ज्यांचे होते ते टूल रूमचे (हत्यारे आणि फिक्स्चर बनवणाऱ्या खात्याचे) फोरमन माझ्या मागेच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंग आणून द्या, बघू." पुढचे आठ महिने माझे ड्रॉइंग बघायला टूल रूममध्ये कुणालाही सवड झाली नाही. एके दिवशी चहाच्या वेळी त्यांनीच मला सांगितले की पूर्वी तिथे क्लँपच होता, कटिंगच्या जोराने भाग उचलला गेला, टूल तुटले, आणि त्याचा तुकडा ऑपरेटरच्या कानाजवळून गेला. ते ऐकल्यावर मी पहिल्यांदा त्यांना विचारले, "मग काय करता येईल?" त्यांनी दोन डॉवेल पिना (जागा नेमकी पकडणाऱ्या खुंट्या) आणि दोन बोल्ट असा मार्ग सुचवला, आणि बदलण्याचा वेळ नऊ मिनिटांवर आला. ही सूचना आठ महिने अडली ती त्या एका वाक्यामुळे.

पहिली पायरी : उभे राहून पाहणे

पहिले दोन-तीन आठवडे सूचना देऊ नका, वही भरा. टोयोटाचे ताइची ओनो नव्या अभियंत्यांना जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात तासन् तास उभे करत आणि काय दिसले ते विचारत, असे सांगितले जाते. खडूची गरज नाही, पण एका मशीनसमोर एक अख्खी शिफ्ट काढावी, आणि ती शक्यतो दुसरी किंवा तिसरी असावी. पहिल्या शिफ्टला साहेब लोक हजर असतात, म्हणून सगळे नेमाने चालते. खऱ्या अडचणी रात्री मेंटेनन्सचा एकच माणूस असतो तेव्हा दिसतात.

वहीत मत लिहू नये, घडले ते लिहावे. 'बिनची जागा चुकीची' हे मत झाले. 'ऑपरेटर प्रत्येक कास्टिंगसाठी (ओतीव भागासाठी) मागे वळून जमिनीवरच्या बिनमध्ये (भाग ठेवायच्या पेटीत) वाकतो, शिफ्टला ४२० नग, एका नगाचे वजन सुमारे चार किलो' ही नोंद झाली. हेच उदाहरण पुढे नेऊ, कारण ट्रेनीच्या सर्व चुका त्यात सामावलेल्या आहेत.

दुसरी पायरी : 'असे का आहे' हे विचारणे

बिन उंच स्टँडवर ठेवावा, हे कुणालाही सुचेल. ते त्या मशीनवर काम करणाऱ्याला सुचले नसेल असे धरून चालणे हा पहिला अपमान. म्हणून थेट त्यालाच विचारावे, आणि तेही मशीन चालू असताना किंवा त्याचा नगांचा आकडा मागे पडला असताना नव्हे. चहाची सुट्टी यासाठी उत्तम. वयाने मोठ्या ऑपरेटरला नावापुढे दादा किंवा मामा लावून, महिला ऑपरेटरला ताई म्हणून विचारावे. ते तुम्हाला 'साहेब' म्हणतील, त्यातली अर्धी थट्टा असते, ती हसून घ्यावी.

"दादा, हा बिन खालीच ठेवतात, त्याला काही कारण आहे का?" एवढाच प्रश्न. मी असा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आले, "अहो साहेब, स्टँड मी सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पण त्याच्या खालून हँड पॅलेट (बिन उचलून नेणारी हातगाडी) कसा घालणार? बिन बदलायला दोन माणसं लागायची, म्हणून काढून टाकला." या एका उत्तरात तीन गोष्टी मिळाल्या: कल्पना जुनी आहे, ती एकदा करून झाली आहे, आणि ती कुठे अडली ते स्थळ. आता तुमच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी आहे, ते म्हणजे दोन्ही बाजूंचे पाय रुंद ठेवून मधून हँड पॅलेट जाईल असा स्टँड.

जुने कारण कळले की ते आजही लागू आहे का, हे तपासावे. अनेकदा ज्या मॉडेलसाठी ती व्यवस्था केली ते बंद होऊन चार वर्षे झालेली असतात आणि व्यवस्था तशीच चालू असते. अशा ठिकाणी सूचना मांडणे सर्वांत सोपे, कारण कुणाचा निर्णय चुकला असे म्हणावेच लागत नाही. परिस्थिती बदलली, एवढे म्हटले की पुरते.

तिसरी पायरी : कोणती सूचना कुणाच्या हातात आहे ते ओळखणे

वाहन उद्योगात नव्याने आलेल्यांना हे कुणी सांगत नाही, आणि इथेच सर्वाधिक सूचना अडकतात. ग्राहक कंपनीने एखादा भाग मंजूर करताना नुसता भाग पाहिलेला नसतो, तो कोणत्या मशीनवर, कोणत्या क्रमाने, कोणत्या कच्च्या मालातून आणि कसा तपासून बनतो, त्या सगळ्या प्रक्रियेला ती मंजुरी असते. त्यामुळे माणूस, मशीन, माल किंवा पद्धत यांपैकी काहीही बदलायचे म्हटले की त्याला 'फोर-एम चेंज' (मॅन, मशीन, मटेरियल, मेथड) म्हणतात. त्याची नोंद, चाचणीचे नग, मोजमापांचा अहवाल आणि पुष्कळदा ग्राहकाची लेखी संमती लागते. 'हे ड्रिलिंग आधी केले तर एक सेटिंग वाचेल' ही सूचना बरोबर असली तरी ती सुपरवायझरच्या अधिकारातली नसते. त्याने 'बघू' म्हटले म्हणजे तो टाळतो आहे असे नाही, त्याला पुढचा कागदांचा डोंगर दिसत असतो.

उलट बिनची उंची, हत्यारे टांगण्याचा बोर्ड, गेजची जागा, ट्रॉलीतले कप्पे, दिव्याची दिशा, रिजेक्शनच्या (नापास नगांच्या) लाल बिनचे ठिकाण या गोष्टी बहुतेक ठिकाणी लाइनवरच ठरतात. नवख्याने आपली पहिली सूचना या यादीतूनच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली सूचना लहान असो, पण ती प्रत्यक्षात उतरलेली असावी. त्यानंतर दुसऱ्या सूचनेच्या वेळी समोरचा माणूस मान वर करून ऐकतो.

चौथी पायरी : मोजणे, आणि प्रामाणिकपणे मोजणे

आकड्याशिवाय सूचना म्हणजे तक्रार, असे आमचे एक जुने मॅनेजर म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पण आकडा फुगवण्याचा मोह फार होतो. बिनचेच घ्या. वाकण्यात तीन सेकंद जातात, ४२० नगांचे १२६० सेकंद, म्हणजे शिफ्टला २१ मिनिटे वाचतील, असा हिशेब ट्रेनी मोठ्या उत्साहाने लिहून आणतो. पाच वर्षांचा अनुभव असलेला कुणीही त्याला लगेच विचारील की मशीनचा सायकल (एका नगाचे काम) चालू असतानाच ऑपरेटर पुढची कास्टिंग उचलून ठेवतो ना? मग उत्पादनात वाचले किती? शून्य. एका प्रश्नात सूचना पडते, आणि तिच्याबरोबर सांगणाऱ्याची पतही जाते.

खरा फायदा दुसरीकडे आहे. चार किलोचा नग ४२० वेळा जमिनीजवळून उचलणे म्हणजे एका माणसाने एका शिफ्टमध्ये १६८० किलो वजन वाकून उचलणे. हा आकडा मी जेव्हा मांडला, तेव्हा उत्पादनाचे गणित विचारणारे साहेबही क्षणभर थांबले. काइझेन (लहान सुधारणा) नोंदवायच्या शीटवर फायद्यासाठी उत्पादन, गुणवत्ता, खर्च, डिलिव्हरी, सुरक्षा आणि मनोबल असे सहा रकाने असतात. आपला फायदा ज्या रकान्यातला आहे त्यातच लिहावा. 'सुरक्षा' हा काही कमी दर्जाचा रकाना नाही.

पाचवी पायरी : कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत

क्रम साधा आहे. आधी ऑपरेटर, मग लाइनचा सुपरवायझर, मग ज्या खात्याला काम पडणार आहे ते, म्हणजे मेंटेनन्स किंवा टूल रूम, आणि त्यानंतर बैठक. बैठकीत सूचना प्रथमच ऐकणारा माणूस शक्यतो उरू नये. याला कुणी राजकारण म्हणेल, पण मला यात शिष्टाचारच दिसतो. सुपरवायझरला आपल्या लाइनवरची उणीव वरिष्ठांच्या तोंडून कळली, तर त्याने ती मनावर घेतली याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

सकाळची उभ्या-उभ्याची बैठक दहा-पंधरा मिनिटांची असते. कालचे उत्पादन, रिजेक्शन, बंद पडलेली मशीन आणि आजची तातडी यांतच ती संपते, त्यामुळे नवी कल्पना मांडायला ती जागा नाही. सुपरवायझरला जेवणानंतर किंवा शिफ्टच्या शेवटी गाठावे, आणि त्याच्या जागेवर न बोलता मशीनपाशी न्यावे, कारण समोर वस्तू असली की बोलावे कमी लागते. शब्द साधारण असे असावेत: "सर, दोन मिनिटं आहेत का? सात नंबरच्या मशीनवर कास्टिंग खालून उचलावी लागते, शिफ्टला सोळाशे किलोच्या वर जातं. पूर्वी स्टँड केला होता, पण हँड पॅलेट आत जात नव्हता, असं दादांनी सांगितलं. पाय रुंद घेतले तर जाईल असं वाटतं. एक शिफ्ट करून बघू का?" यात काय दिसले ते आहे, पूर्वी काय झाले ते आहे, आणि मागणी फक्त एका शिफ्टची आहे. 'चुकलंय', 'कुणी लक्षच देत नाही', 'आमच्या कॉलेजात असं शिकवलं' हे तीन शब्दप्रयोग मात्र गेटबाहेर ठेवून यावेत.

भाषेविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण लातूर, नांदेड, जळगावकडून आलेली हुशार मुले इथेच अडखळतात. बैठक हिंदीत किंवा इंग्रजीत चालते, प्लांट हेड दक्षिणेकडचे असतात, आणि आपले वाक्य मध्येच तुटेल या भीतीने ती बोलतच नाहीत. त्यांना माझे सांगणे असे की फिक्स्चर, ऑफसेट, रनआउट, सायकल टाइम हे शब्द सर्व भाषांत सारखेच आहेत. त्यांच्यामध्ये 'है' आले काय किंवा 'आहे' आले काय, ऐकणाऱ्याला अर्थ लागतो. वाक्याची सुरुवात आकड्याने करावी, म्हणजे पुढचे व्याकरण कुणी तपासत नाही. आणि मराठीत बोलल्याशिवाय नीट सांगता येत नसेल तर तसे सांगून मराठीत बोलावे. चुकीच्या इंग्रजीत अर्धवट सांगून गैरसमज होण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

सहावी पायरी : शीट भरणे

तोंडी सांगितलेले हवेत विरते. बहुतेक कारखान्यांत काइझेन शीट किंवा सूचनापेटी असते, आणि ही पद्धत काही नवी नाही. टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना १९५१ साली सुरू केली, जपानमध्ये १९६२ पासून क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी मिळून सोडवणारे कामगारांचे छोटे गट) उभी राहिली, आणि भारतात १९८० च्या दशकाच्या आरंभी भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) हैदराबादच्या कारखान्यातून ती कल्पना पसरू लागली. क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था १९८२ सालची आहे. तिच्या स्पर्धांसाठी तुमच्या कारखान्याचा गट तयारी करत असेल, तर फलक धरायला का होईना, त्यात शिरावे. एरवी चार शब्द न बोलणारे ऑपरेटर तिथे परीक्षकांसमोर आपल्या भाषेत आलेख समजावून सांगतात, आणि ते पाहून धीर येतो.

शीटमध्ये आधीचे आणि नंतरचे चित्र एकाच कोनातून, एकाच अंतरावरून घ्यावे. शॉप फ्लोअरवर स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला अनेक कारखान्यांत मनाई असते, म्हणून परवानगी घ्यावी किंवा खात्याचा कॅमेरा मागावा. चांगल्या सूचनेच्या नादात गेटवर मोबाइल जप्त झालेला ट्रेनी मी पाहिला आहे. शीट मराठीत चालते का ते विचारावे, पुष्कळ ठिकाणी चालते.

आता नावाचा रकाना. कल्पना ऑपरेटरची, शीट ट्रेनीची, आणि बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा ट्रेनीच्या घरी, हे इतके नेहमीचे झाले आहे की ऑपरेटर ट्रेनीशी बोलायलाच नाखूश असतात, आणि त्यांचे बरोबर आहे. दोन्ही नावे लिहावीत, ऑपरेटरचे आधी लिहावे, आणि शीट देण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावी. ज्याला आपले नाव बोर्डावर लागलेले दिसते, तो पुढच्या वेळी तुम्हाला स्वतः बोलावून मशीनची खोड दाखवतो. तुमची निम्मी नोकरी अशाच बोलावण्यांवर चालणार आहे.

एक व्यवहारी गोष्टही सांगून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक लाइनला महिन्याला ठरावीक काइझेनचे उद्दिष्ट असते, आणि पंचवीस तारखेनंतर सुपरवायझर ती शोधत फिरतो. डब्याला नवे लेबल चिकटवले अशी काइझेन त्या दिवसांत जन्म घेतात. तुमची खरी, मोजलेली सूचना वीस तारखेला त्याच्या हातात दिली, तर ती दोन तारखेपेक्षा जास्त प्रेमाने वाचली जाते.

नकार आला तर

कारण विचारावे, पण वाद घालण्यासाठी नव्हे. "काय असलं तर चालेल?" हा प्रश्न 'का नाही?' पेक्षा चांगला, कारण त्याचे उत्तर देताना समोरच्याला कामाचा विचार करावा लागतो, स्वतःचा बचाव करावा लागत नाही. उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. बजेट नाही असे उत्तर असेल, तर स्क्रॅप यार्डातल्या अँगलमधून स्टँड होतो का ते पाहावे, आमचा तसाच झाला. त्याच सूचनेसाठी वरिष्ठांकडे परस्पर जाऊ नये. ती सुचवणारा पुढे दुसऱ्या खात्यात गेला आणि तिथे तीच सूचना महिन्यात मान्य झाली, असेही घडते.

जिथे या सगळ्या पायऱ्या ओलांडायच्या

धोका दिसला की वही, चहाची सुट्टी, क्रम, योग्य तारीख यांतले काही पाळायचे नाही. पॉवर प्रेसला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला) दोन हातांची दोन बटणे असतात, ती एवढ्यासाठी की स्लाइड, म्हणजे दाबणारा भाग, खाली येताना दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर असावेत. नग लवकर निघावेत म्हणून एका बटणावर टेप लावून ते दाबून ठेवलेले दिसले, लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बंद केलेला दिसला, मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडे असताना मशीन चालू न देणारी कळ) तारेने बांधलेला दिसला, तर त्या क्षणी ऑपरेटरला थांबायला सांगावे आणि लगेच सुपरवायझर व सेफ्टी ऑफिसर दोघांनाही कळवावे. तिथे 'सर, एक विचारायचं होतं' ही सुरुवात नको. "पाच नंबर प्रेसचं एक बटण टेपने दाबलंय, प्रेस थांबवा," एवढेच पुरे. बोटे गेलेला माणूस तुम्ही नम्रपणे बोलला होतात की नाही हे विचारत नाही.

असे बोलण्याला कायद्याचाही आधार आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात भर घालून, घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना जीवावर बेतणारा धोका व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकांच्याही नजरेस आणून देण्याचा हक्क दिला गेला. आपल्या कारखान्यात सुरक्षा समिती आहे का, तिच्यात आपल्या खात्यातून कोण आहे आणि थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद कोणत्या वहीत करतात, हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावे. तेव्हा विचारले तर तो नवख्याचा साधा प्रश्न ठरतो, आणि वेळ आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

मान्य झाल्यानंतर

सूचना अमलात आली की ट्रेनी पुढच्या सूचनेकडे वळतो. तसे न करता महिन्याभराने, शक्यतो तिसऱ्या शिफ्टला, त्या मशीनकडे एक फेरी मारावी. आमचा स्टँड तीन आठवड्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेला सापडला. रात्रीच्या शिफ्टचा ऑपरेटर उंचीने ठेंगणा होता आणि बिनच्या तळाच्या कास्टिंगपर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता, हे दादा, सुपरवायझर आणि मी अशा आम्हा तिघांपैकी कुणीही पाहिले नव्हते, कारण आम्ही तिघेही पहिल्या शिफ्टचे. पाय शंभर मिलिमीटरने कापले, आणि शीटवर त्या ऑपरेटरचे तिसरे नाव लिहिले.